दुष्ट थोरला

तात्यांच्या गुडघ्याचे माझ्यावर फार उपकार आहेत बघा.

शिमग्याला आमच्या पोलादपूरकडच्या गावात नाटक असतं. त्यात मी दुष्ट थोरला भाऊ, आईला घराबाहेर काढणारा. आईच्या लुगड्यात आमचे सत्तरीचे तात्या. मी नुसतं ढकलल्यासारखं केलं, तर त्यांचा गुडघा खरंच मुडपला आणि ते कोसळले. माझ्या तोंडून निघून गेलं, "लागलं का गो आये?" मी त्यांना उचलून खाटेवर बसवलं. नायक, म्हणजे धाकटा भाऊ, तिकडे हात उंचावून आईच्या मायेवर भाषण ठोकतच होता.

शेवटी तो काठी घेऊन माझ्यावर धावला, तशी पुढे बसलेली काशीआजी उठली.

"ए, त्याला हात लावू नको!"

नायक वैतागला. "आजी, दुष्ट तो हाय, मी नाय!"

"मग आय पडली तवा तू काय करत व्हतास?"

मांडवात अशा टाळ्या पडल्या की नायकानं काठी खाली ठेवली.

आजही काशीआजीच्या दारावरून गेलो की हाक येते, "दुष्टा, चहा पिऊन जा रे!"

नावानं हाक मारणारे पुष्कळ आहेत, पण इतक्या मायेनं कोणी मारत नाही.