लिफ्टची पाटी

नातीच्या शाळेत मोठ्या बाईंच्या दाराशी बसले होते. शेजारी नणंद-भावजय बोलत होत्या. माझे कान अजून म्हातारे झालेले नाहीत.

"वहिनी, एवढ्या गोष्टीसाठी भांडायला आलात?"

"मराठीच्या पुस्तकातल्या त्या धड्यात मोलकरणीला लिफ्ट बंद असते, ताई. तो वाचल्यापासून आमची लेक कामवालीबरोबर पाच मजले चढते."

"चढू दे, पाय मोकळे होतील."

"थट्टा नको. काल विचारत होती, आपल्या लिफ्टवर 'कामवाल्यांना बंदी' अशी पाटी कुणी लावली?"

"मग?"

"सोसायटीनं, म्हटलं."

"अहो, ती तर तुम्हीच रंगवून आणलीत!"

"म्हणूनच. तिला कळायच्या आत तो धडा शिकवणं थांबायला हवं."

तेवढ्यात शिपायानं वहिनींना हाक मारली. वहिनी जागच्या हलेनात.

"आजी, तुम्ही जा ना आधी."

"मी नाही जायची. नंबर तुझा आहे, बाई. ऊठ."