उस्मानसाठी कोंबडी

हॉटेलवाला कसा असावा म्हणाल, तर अलिबागच्या स्टँडसमोरच्या धोंडूशेठसारखा. एकदा मी आणि माझा दोस्त उस्मान कचेरीतून उपाशीपोटी तिथं पोचलो. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. उस्माननं विचारलं, "शेठ, कोंबडी हलाल हाय ना?"

नुसतं 'हो' म्हणाले असते, तर आम्ही विश्वासानं जेवलो असतो. पण धोंडूशेठनी वाढलेलं ताट मागं घेतलं. "न्हाय बाबा, मीच कापली. तुला चालायची न्हाय. थांब जरा."

परसातली जिवंत कोंबडी काखोटीला मारून ते मोहल्ल्यात गेले, मौलवींकडून कापून आणली आणि वेगळ्या टोपात शिजवली. तोवर आमची गाडी गेली.

मी कुरकुरलो, तर म्हणाले, "गाडी पाचला दुसरी हाय. याला भूक आता लागलीय."