घंटेचा नाद

कानाच्या दवाखान्यात शिंपीणबाई नंबरची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं. दोघं इतक्या मोठ्यानं बोलत होती, की कान देण्याची गरजच नव्हती.

"तिसऱ्या खेपेला कथील जास्त पडलं, म्हणून तडकली घंटा."

"पडलं कसं? तुम्हीच घातलंत."

"नाद खुलावा म्हणून घातलं. तांब्यात कथील वाढवलं की नाद खुलतो."

"आणि माझा हेअर ड्रायर? भट्टीला वारा घालून घालून त्याचं तोंड वितळलं."

"नवा आणू गं. जन्मभर ओतकाम केलं, माझ्या हातची एक घंटा कधी मुकी निघाली नाही. आता घरच्या दारासाठी एक करायला घेतली, तर तीनदा ओतून तिन्ही वेळा मुकी! हातच गेला माझा."

"हात शाबूत आहे तुमचा."

"मग वाजली का नाही?"

"पहिलीच वाजली होती. छान वाजली होती."

"काय?"

"पहिलीच छान वाजली होती!"

"मग तेव्हा सांगायचंस की!"

"दारातून ओरडून सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत, आणि घंटा पुन्हा वितळायला मुशीत टाकलीत."

म्हातारबुवा तिच्याकडे वळले.

"कसा होता गं नाद?"

म्हातारी त्यांच्या कानाशी वाकली.

"तुम्ही ठोका देऊन तोंड फिरवलंत ना, तेव्हाही वाजतच होती."