नसीमानं अडवलेला रिपोर्ट

नसीमाचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. सोलापुरात आम्ही दोघं एकाच ऑफिसात लॅबचं सॉफ्टवेअर लिहितो. कोड चालताना मधेच चूक झाली, म्हणजे एक्सेप्शन आलं, की बाकीचे ते तिथंच दाबून टाकायचे. स्क्रीन चालू राहिली म्हणजे झालं. नसीमानं मात्र एक छोटी मेथड, म्हणजे कोडचा एक तुकडा, लिहिला. चूक पकडायची, ती कुठल्या पेशंटच्या रिपोर्टमध्ये झाली ते जोडायचं आणि मूळ कारणासकट लॅबच्या स्क्रीनवर पाठवायची; तोवर तो रिपोर्ट उघडायचा नाही. लॅबवाले वैतागले, "सारखं अडतंय की तुमचं." साहेब म्हणाले, काढून टाक. ती म्हणाली, "अडू दे सर, चुकीचा आकडा जायला नको." आणि तिनं ती मेथड काढली नाही.

गेल्या महिन्यात माझ्या आईला ॲडमिट केलं. हॉस्पिटलची लॅब तीच, आमचं सॉफ्टवेअर वापरणारी. तिथं तिच्या पोटॅशियमचा रिपोर्ट उघडेना. स्क्रीनवर आलं, मशीनकडून नवा आकडा आलेला नाही. टेक्निशियननं रक्त पुन्हा तपासलं. पोटॅशियम लई वाढलं होतं, डॉक्टरांनी लगेच औषधं बदलली. पूर्वीचा कोड असता तर आदल्या दिवशीचाच नॉर्मल आकडा दिसला असता.

आई घरी आल्यावर मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला त्यातलं काय कळत न्हाय. त्या पोरीला जेवायला बोलाव. भाकरी मीच करते."