रजईवरचं यान

जयपुरात मानसरोवरहून निघालेल्या मेट्रोत शेजारी बापलेक मराठीत बोलत होते. ऐकू नये हे कळत होतं, तरी मी पुस्तकात बघत ऐकत राहिलो.

"बाबा, तुमच्या त्या जुन्या अंतराळाच्या मालिकेवरून वस्तू बनवून विकणार मी. लाखेच्या बांगड्यांवर ग्रह, रजईवर यान."

"रजईवर?"

"मतलब, पांघरलं की यानात बसलो."

"गौतमी, ती मालिका मी जेवण सोडून बघायचो. तिची चेष्टा करतेस?"

"हो बाबा, खूप चेष्टा करतेय. रोज."

"रोज?"

"चेष्टा म्हणजे प्रयत्न ना?"

"ते हिंदीत. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा."

"थट्टा नाही हो, बाबा. तुम्हाला आवडावं म्हणून तर सगळं."

एक स्टेशन गेल्यावर वडिलांनी विचारलं,

"मालिकेतल्या तीन तोंडांच्या सेनापतीचं काय करणार?"

"सुचलं नाही अजून."

"चहाची किटली कर. तीन तोट्यांची."