पांग काकूच्या उंबऱ्यावरचा चोथा

माझ्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव, मग म्हणेन तू धीराची. ह्या गल्लीत मला कुणी खरं मानत नाही — आणि बरोबरच आहे त्यांचं, आलं मागितलं तर हळकुंड बांधून दिलंय मी लोकांना, नुसती गंमत म्हणून. बस त्या स्टुलावर. पोट दाबून आलीयस ते दिसतंय मला. पाळीचं ना? मग कुजबुजतेस काय, चोरी केलीस का? — किती म्हणालीस, पाच वर्षं? दर महिन्याला? हं.

देते, देते. तांगक्वेची मुळी, आलं, करडईची फुलं, वर तांबडी साखर — उकळायचं नि गरम गरम प्यायचं. चांगलं असतं ते, मी स्वतः त्याच्यावर दिवस काढलेत. यिनह्वापण प्यायची. माझी लेक ग. तुझ्यासारखीच मुटकुळं करून बसायची, ह्याच स्टुलावर — आणि मी काय करायची? हसायची. म्हणायची, लग्न होऊ दे, मग नवऱ्याच्याच पोटात दुखेल.

आता उकळून उरलेला चोथा कुठे टाकतात, ठाऊक आहे ना? — रस्त्यात, बरोबर, चारचौघांच्या पायाखाली, म्हणजे दुखणं तुडवणाऱ्याबरोबर निघून जातं. तुझी आजी टाकायची? सगळ्याच टाकायच्या. पण मी पडले खोडसाळ. समोर पांग काकू, माझ्या कोंबड्यांना दगड मारणारी — मी चोथा नेमका तिच्या उंबऱ्यावर. आणि तिसऱ्या महिन्यात काय व्हावं, काकू पोट धरून दारात. अग, मी नाचले. यिनह्वाला म्हटलं, गेलं बघ तुझं दुखणं समोरच्या घरात. ती हसली. म्हणाली, "हो आई, गेलं." झालं, मी विचारायचंच सोडलं. तिच्या बापाने शहरातल्या दवाखान्यात न्यायला बसची तिकिटं आणली होती, ती मीच परत करायला लावली. — काकूला? काकूला काय धाड भरली होती, शिळे खेकडे खाल्ले होते तिने. चार दिवसांत बरी.

आणि ही पोरगी माझी मौज मोडू नये म्हणून दोन वर्षं हसत राहिली. दुखायला लागलं की नदीवर धुणं घेऊन जायची. धुणं नसलं तरी जायची — ते मला मागाहून कळलं. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाला, दोन वर्षं आधी आणायची होती. दोन वर्षं, म्हणजे तीच तिकिटं.

ती बघ पांग काकू, ऊन खात बसलीय. चोथ्याचं तिला मी अजून सांगितलेलं नाही. दर चिंगमिंगला, पितरांच्या सणाला, यिनह्वाच्या थडग्यावर संत्री ठेवते ती, माझ्या आधी जाऊन.

— नाही, पुडी बांधत नाहीये मी. ही साखर ने, आलं ने, बाकीचं डॉक्टरला दाखवून आल्यावर. घरी विचारलं की "आता बरं आहे" म्हणतेस का ग? — बोल की. — वाटलंच मला. साडेदहाची बस कोपऱ्यावर थांबते. माझ्यावर नको ठेवूस विश्वास, पण बसमध्ये बस. आणि तशी हसू नकोस माझ्याकडे बघून, अगदी तिच्यासारखी... ऊठ. जा आता.