लिन म्हणजे जंगल

नाही प्रयागबाई, वधू-वर मंडळाच्या फॉर्मवर मेश्राम लिहिलं थे माझं माहेरचं. पोरीचं आडनाव लिन, मिनल लिन — बसा ना, उभ्या काहून राहिल्या? नवरदेवाच्या, सुशीलच्या आत्या तुम्ही, अशा दारातून जान का? — हो, चिनी. तिच्या आजोबायनं इथं सदर बाजारात दात बसवायचं दुकान टाकलं, मिनलचा बाप तर इथंच जन्मला. तुमच्या कळमेश्वरच्या किती म्हाताऱ्यायच्या कवळ्या ह्यायनं केल्या असतील. अन् हे वऱ्हाडी अशी बोलत का माझी माय लाजे.

अर्थ? जंगल. दोन झाडं शेजारी काढली का झालं लिन. हे सांगत — एक राजा होता, लई बेकार. काकानं त्याले तोंडावर खरं सांगितलं, तर त्यानं काकाचं काळीजच काढलं. काकी पोटुशी, थे जंगलात पळाली, तिथंच बाळंत झाली. पुढं नवा राजा आला, त्यानं त्या पोराले आडनाव देल्लं — लिन. म्हणजे पोरगं बापाचं, पण नाव माय लपली त्या जागेचं. अन् लिन-लिनमधी सोयरीक होत नाही बरं, त्यायच्यातही पाहतात हे सगळं. — साखर चालते ना तुमाले?

मंग फॉर्मवर काहून लपवलं म्हणता? आता काय सांगू... कोरोनात गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरून परत जाऊन राहिले होते. पोट्टे नाही नाही थे ओरडत. हे जेवायले घरात आले, तर मीच स्टूल घेऊन दुकानावरची लिन नावाची पाटी काढली. कोणी सांगितलं नव्हतं मले — मीच काढली. हे आले, भिंतीकडे पाहिलं, अन् खुर्चीवर बसले. भांडले असते तर बरं वाटलं असतं. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेले, हार्टनं. तरी मी फॉर्म भरताना पुन्हा तेच केलं. मिनलले माहीत नाही हे.

काय म्हणता? लग्नपत्रिकेत बापाचं नाव नको? मामाचं टाकू, भाऊबंदात चर्चा नको? — हो, मीही तेच म्हटलं असतं. पण थे काकी लपली तर पोरगं जगलं. मी लपवून कोणाले जगवलं?

नाही. बापाचं नाव येईन, आडनावासकट. तुमच्या घरी जमत नसन तर राहू द्या, मिनलले मी सांगीन. चहा प्या अन् निघा, साडेपाचची बस सापडते तुमाले.